गिरणीकडचा गोल

शनिवार, १६ जुलै

पाऊस नाही. वारा पश्चिमेचा. गवत सव्वा इंच.

ही वही फुटबॉलच्या मैदानाची आहे. एकतीस वर्षं मी हिच्यात एवढंच लिहीत आलो: पाऊस किती, गवत केवढं, खत कधी घातलं. बाकीचं घरी जाऊन मेव्हिसला सांगायचो. ती ऐकायची कमी आणि बोलायची जास्त, पण सांगून मोकळं होता यायचं. आता घरी भिंती आहेत. भिंतींशी बोलण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही, म्हणून इथे लिहितो.

मेव्हिस नऊ मेला गेली. शनिवारी मोसमाचा शेवटचा सामना पाहिला, गिरणीकडच्या गोलमागे कठड्याला टेकून रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि सोमवारी सकाळी चहा ओतता ओतता खाली बसली ती उठलीच नाही. चाळीस वर्षं ती त्या कठड्यापाशी उभी राहिली. मी तिकडे खेळाडू येतात त्या वाटेपाशी, हातात माती उकरायचा काटा घेऊन, पहिली नऊ वर्षं मदतनीस म्हणून. एकाच मैदानात चाळीस वर्षं, पण एकही सामना आम्ही शेजारी उभं राहून पाहिला नाही.

आज सकाळी साडेपाचला तिला घातली.

आमच्या गावात, ब्रॅकनशॉत, माणूस गेला की घरचे राखेचा डबा घेऊन माझ्याकडे येतात. आतापर्यंत त्रेचाळीस घरं झाली. माझा नियम एकच: एक कप राख, तिप्पट वाळूत मिसळून, कॉर्नरच्या झेंड्यापाशी, रेघेच्या बाहेर. उरलेली घरी न्या. राखेने गवत जळतं, माती बसते, हे मी प्रत्येकाला समजावतो. गेल्या वर्षी मिसेस ऑग्डन माझ्यासमोर रडली. तिला तिचा आल्फ अख्खा हवा होता, तोही गोलसमोर. मी नाही म्हटलं. नियम म्हणजे नियम.

मेव्हिसला गोलसमोरच्या छोट्या चौकोनाच्या रेघेपाशी घातली, ती उभी राहायची त्याच्या बरोब्बर समोर. सगळी. हातभर खोल खड्डा केला. इतकं खोल घातलं की मुळांना काही होत नाही. हे समजायला हात तयार लागतो, ते काम इतरांचं नव्हे.

उठताना गुडघे धरले. वर पाहिलं तर वाटेपाशी पास्को, आमचा गोलकीपर, धावायला लवकर आलेला. त्याने हात वर केला आणि परत गेला. त्याला काही दिसलं नसावं.

लिंडसेला सांगितलं, आईला मैदानात घातलं, नेहमीसारखं. ती म्हणाली, बाबा, मला का नाही बोलावलंत. मी म्हटलं, सकाळ फार लवकरची होती.

शनिवार, ६ ऑगस्ट

ऊन. गवत एक इंच. पहिला सामना, एक-एक.

गोल पास्कोमुळे खाल्ला. चेंडू लहान पोराने ढकलावा तसा आला होता, दोन पावलं पुढे टाकून उचलायचा. हा पुढे निघाला आणि मधेच बाजूला सरकला, नवरीच्या लांब झग्यावर पाय पडेल म्हणून सरकावं तसा. तोवर त्यांच्या पोराने तो आत ढकलला.

पस्तिशीचा झालाय. हा त्याच्या कराराचा शेवटचा मोसम. मे महिन्यात पुढच्या मोसमाला ठेवलेल्या खेळाडूंची यादी लागेल, तिच्यात नाव नसलं तर याला दुसरं कोणी घेणार नाही. दोन मुली आहेत. माणसाने जपून खेळायला नको?

शनिवार, २० ऑगस्ट

मेव्हिसच्या जागेवर गवत थोडं पिवळं. बुरशी असणार. औषध मारलं.

शनिवार, १० सप्टेंबर

गवत पिवळं नाही, गेलंच. ताटाएवढा तुकडा. मला कारण सापडलंय: गोलकीपर. या लोकांना खोड असते, गोलच्या मधोमध उभं आहोत हे कळावं म्हणून टाचेने जमिनीत रेघ मारतात. एकतीस वर्षं मी या टाचांशी भांडतोय. पास्कोला मधल्या वेळात गाठून चार लोकांसमोर झापला. म्हटलं, तुझ्या घरच्या गालिच्यावर मारतोस का अशा रेघा? तो म्हणाला, "नाही हॅरल्ड, चुकलं."

रेघ गोलच्या मधोमध होती आणि तुकडा डावीकडे सहा यार्डांवर, हे मी आत्ता लिहिताना लक्षात आलं. म्हणजे तो तिथेही मारत असणार.

सामना हरलो. त्याच बाजूला चेंडू उसळला. चोवीस संघांत आम्ही विसावे.

शुक्रवार, ३० सप्टेंबर

पाऊस अर्धा इंच. जागा खचलीय. दोन बादल्या माती टाकून वर बी पेरलं. जुनं मैदान, इकडेतिकडे खचायचंच.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

आज डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

मॅनेजर व्हॉन, वेल्सचा, दोन वर्षांपूर्वी आलेला, माझ्या खोलीत आला. बसला नाही, म्हणजे भांडायलाच आला होता. म्हणाला, गिरणीकडच्या गोलसमोरची माती हातभर काढून टाकू, नवी भरू, वर तयार हिरवळीचे पट्टे टाकू. एका दिवसाचं काम. सगळे क्लब करतात. घरच्या मैदानावर त्या बाजूला चार गोल झालेत.

मी विचारलं, माती काढून कुठे टाकणार? तो म्हणाला, उकिरड्यावर, आणखी कुठे.

मग मी काय बोललो ते सगळं आठवत नाही. रोलरचा लोखंडी दांडा माझ्या हातात होता, हे लिंडसेने मला नंतर सांगितलं, कारण ते गावभर झालं. मी एवढं म्हटल्याचं आठवतं की या मैदानाला हात लावायचा असेल तर आधी मला काढा. नाचता येईना अंगण वाकडं. गोलकीपरला गोल अडवता येत नाही आणि दोष गवताला.

व्हॉन चिडून पास्कोलाच घेऊन आला. म्हणाला, तू रोज तिथे उभा राहतोस, तूच सांग, जागा खराब आहे की नाही?

पास्कोने माझ्याकडे पाहिलं. हातात हातमोजे होते, ते पिळत बसला. मग म्हणाला, "जागा चांगली आहे. चुका माझ्या आहेत."

स्वतःच्या तोंडाने कबूल केलं! व्हॉनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने पास्कोला विचारलं, तुला कळतंय ना तू काय बोलतोयस? याच चुका मी मे महिन्यात मोजणार आहे. पास्को म्हणाला, कळतंय.

मी जिंकलो. घरी येऊन मासे आणि चिप्स आणले, पण खावेसे वाटले नाहीत.

शनिवार, २६ नोव्हेंबर

जमीन गोठून दगडासारखी. रेफरी सकाळी येऊन टाच आपटून गेला, सामना रद्द. बरं झालं. मैदानावर एकटाच होतो. गोलपाशी जाऊन उभा राहिलो. तिला म्हटलं, बाविसावे आलोय. खालचे दोघे लीगबाहेर जातात, हे तिला सांगायला नको.

सोमवार, २६ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीचा सामना, गर्दी मोठी, सगळे घरी भांडून आलेले.

दोन-शून्य हरलो. दुसरा गोल माझ्यासमोर झाला. कॉर्नरवरून चेंडू आला, पास्कोचा होता, हवेत होता, त्याने फक्त पुढे येऊन पंजा मारायचा. हा आपला रेघेवर उभा. गोलकिक मारतानाही मी आज नीट पाहिलं: चेंडू नेहमी उजवीकडे ठेवतो, डावीकडे कधीच नाही. त्या तुकड्यापाशी आला की वळसा घेतो. इतर खेळाडू थुंकतात, शिंकरतात, हा तिथे तोंडसुद्धा वळवत नाही. अंधश्रद्धा, दुसरं काय. मांजर आडवं गेल्यासारखा वागतो.

गिरणीकडच्या बाजूचे लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते. काही फार घाण बोलले, त्याच्या मुलींसमोर. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मेव्हिस असती तर तिने त्याहून वाईट शिव्या दिल्या असत्या. "पुढे ये, ठोंब्या," हे तर ती सात वर्षं पास्कोला रोज ऐकवायची.

लिंडसे तिच्या आईच्या जागेवर उभी राहते आता. घरी जाताना म्हणाली, "बाबा, तिथे खड्डा आहे. मला कठड्यावरून दिसतो."

मी म्हटलं, तू दवाखान्यात चिठ्ठ्या फाडतेस, मैदान मला कळतं.

तिने मला दारात सोडलं आणि गाडी वळवली. सुट्टीचं उरलेलं जेवण मी एकट्याने खाल्लं.

शनिवार, १४ जानेवारी

पाऊस पाऊण इंच. खड्ड्यात पाणी. तीन बादल्या वाळू. पास्कोने आत जाताना विचारलं, मी धरू का बादली? मी म्हटलं, तू चेंडू धर.

शनिवार, १८ फेब्रुवारी

आज मिसेस ऑग्डन आली. आल्फला जाऊन दोन वर्षं झाली, अजून अर्धा डबा कपाटावर आहे, धूळ पुसताना जीव जातो म्हणाली. थोडी तरी गोलसमोर घाल रे, हॅरल्ड. तो पन्नास वर्षं गिरणीकडेच उभा राहिला. कॉर्नरचा झेंडा त्याला माहीतसुद्धा नव्हता.

मी तिला नियम सांगितला. राखेने गवत जळतं. एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं. गोलसमोरचं मैदान हे स्मशान नव्हे.

ती म्हणाली, "तू कडक आहेस, पण सगळ्यांना सारखा आहेस, तेवढं खरं."

ती गेल्यावर मला तिचाच राग आला. असं बोलायची काय गरज होती?

रविवार, २६ मार्च

मातृदिन. लिंडसेने फोन केला, मैदान उघडा, आईला फुलं ठेवायची आहेत. पिवळे डॅफोडिल, चर्चमध्ये वाटतात तसे, तारेने बांधलेले.

ती सरळ कॉर्नरच्या झेंड्यापाशी गेली. मीच तसं सांगितलं होतं. गुडघ्यावर बसून तिने फुलं ठेवली आणि बराच वेळ काहीतरी बोलली. मी वीस पावलांवर उभा. मधेच तिने मला हात करून बोलावलं, तर मी ओरडलो, की ती तार काढ, यंत्राच्या पात्यात अडकली तर पातं जाईल.

तिने तार काढली. एकेक फूल सोडवून गवतावर ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला तिची आठवण येत नाही का हो?"

मी म्हटलं, मला काम आहे.

काम म्हणजे गोलपाशी जाऊन उभा राहिलो. एक फूल खिशात आलं होतं, कसं ते माहीत नाही. तिथे ठेवलं नाही. दिसलं असतं.

सोमवार, १७ एप्रिल

ईस्टर. पुन्हा हरलो, पुन्हा तीच बाजू. हा नववा. मी मोजत नाही, वर्तमानपत्रवाले मोजतात. त्यांनी पास्कोचा फोटो छापलाय, खाली लिहिलंय: भोक पडलेलं जाळं. मी तो अंक ठेवून घेतला. पुरावा आहे.

शेवटचा सामना घरी. बरोबरी झाली तरी वाचतो. हरलो तर शहाण्णव वर्षांनी लीगबाहेर.

शनिवार, ६ मे

हरलो. एक-शून्य. गेलो.

व्यवस्थित लिहायचं ठरवलंय.

हवा कोरडी. गवत एक इंच. त्या जागेवर सकाळी चार बादल्या माती, वर हिरवा रंग दिलेली वाळू. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. लांबून गवत वाटत होतं.

ऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मला माझ्या वाटेपाशी उभं राहवेना. पाय आपोआप गोलमागे गेले, लिंडसेपाशी, मेव्हिसच्या कठड्यापाशी. तिथून मी पहिल्यांदाच सामना पाहिला. तिथून सगळं सरळ समोर दिसतं. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं, तिनेसुद्धा.

शहाऐंशीवं मिनिट. त्यांनी लांबून चेंडू टाकला. तो पास्को आणि त्यांचा नऊ नंबर यांच्यामध्ये पडणार, जो आधी येईल त्याचा. पास्को निघाला, चांगला निघाला. मी कठडा धरून ओरडलो, "पुढे ये, ठोंब्या!" आणि तो रेघेपाशी आला आणि त्याने पाय उचलून लांब टाकला. दारात झोपलेल्या माणसाला ओलांडावं तसा. त्यात तोल गेला, हात पोचला नाही, आणि नऊ नंबरने चेंडू त्याच्या अंगावरून आत सोडला.

मी ते पाऊल पाहिलं. सगळ्यांनी गोल पाहिला, मी पाऊल पाहिलं.

शिट्टी झाल्यावर लोक मैदानात उतरले. पास्कोवर थुंकले. एकाने त्याच्या तोंडावर त्याच्याच नावाचा शर्ट फेकला. तो उभाच राहिला. लोक चौकोनात घुसले तेव्हा तो सरकत सरकत त्या जागेच्या आणि लोकांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, हात पसरून, म्हणजे कोणी तिथून जाऊ नये.

भित्रा. भित्रा. भित्रा. मी हे तीनदा लिहिलं आणि तरी बरं वाटत नाही.

रविवार, ७ मे

सकाळी मैदानावर गेलो. पास्को सामान न्यायला आलेला. मोजे, बूट, मुलींचं एक चित्र, कपाटाच्या आत चिकटवलेलं. यादी मंगळवारी लागणार, पण त्याला माहीत होतं.

मी त्याला दारातच गाठलं आणि ऑगस्टपासून तोंडात धरून ठेवलेलं सगळं सोडलं. तो चेंडू तुझा होता. तीन पावलं होती. शहाण्णव वर्षं तीन पावलांत गेली. गवताला घाबरणारा गोलकीपर मी आयुष्यात पाहिला नाही. माझी बायको काल तिथे असती तर तिने तुला जिवंत सोडलं नसतं.

तो ऐकत होता. शेवटच्या वाक्याला त्याने पिशवी खाली ठेवली.

"ती तिथेच होती, हॅरल्ड," तो म्हणाला.

मी गोलकडे वळून पाहिलं.

"जुलैत मी पाहिलं तुम्हाला. गुडघ्यावर होतात. डबा शेजारी होता. मला वाटलं, एखाद्या सामन्यापुरतं सांभाळू, मग तुम्ही हलवाल. तुम्ही हलवलं नाहीत. मग मी काय करू? खिळ्यांचे बूट घालून तिच्या अंगावर नाचू? माझ्या धाकटीला तिने टोपी विणून दिलीय."

"मग सांगायचं होतंस."

"काय सांगणार? बायको उचला, मला गोल अडवायचेत?"

मी म्हटलं, व्हॉनला तरी सांगायचं. तो म्हणाला, व्हॉनने तिला उकिरड्यावर टाकलं असतं. माती कुठे टाकणार, हे तुम्ही विचारलंत तेव्हा तो म्हणालाच होता, माझ्यासमोर नाही, पण ऐकू आलं सगळ्यांना.

मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, "सात वर्षं ती मला पुढे ये म्हणून ओरडली. काल तुम्ही ओरडलात, तिच्याच जागेवरून. मी येतच होतो. ती मध्ये होती."

पिशवी उचलून तो गेला.

मला त्याचा राग आला, अजून येतोय. एवढा चांगुलपणा कोणी मागितला होता? मी त्याला चार लोकांसमोर झापत होतो आणि हा चुकलं म्हणत होता. एकदा उलटून बोलला असता तर मी लाथ खाऊन शुद्धीवर आलो असतो. नसतोही आलो. खरं लिहायचं तर नसतोच आलो. दर शुक्रवारी बादल्या मीच वाहत होतो. वाळू हिरवी मीच रंगवली. त्रेचाळीस घरांना जे समजावलं ते मला समजत नव्हतं असं कोणत्या तोंडाने सांगू? अंगण वाकडं होतं. मीच वाकडं केलं होतं आणि नाचणाऱ्याला शिव्या देत होतो.

मंगळवार, ९ मे

तिला जाऊन वर्ष झालं.

सकाळी यादी लागली. पास्कोचं नाव नाही. व्हॉनला कालच काढलं.

संध्याकाळी सहाला समर्थकांची सभा, मैदानामागच्या हॉलमध्ये. दोनशे माणसं, बसायला जागा नव्हती. जो उठेल तो पास्कोचं नाव घेऊन खाली बसत होता. कोणी म्हणालं, विकला गेला असेल. त्यावर मी उठलो.

मला सभेत बोलायची सवय नाही. मी वही नेली होती, तीच वाचली. सोळा जुलै वाचलं, मग अकरा ऑक्टोबर, मग परवाचं सगळं. दहा गोल माझे आहेत, असं म्हटलं. पास्कोचा एकही नाही.

कोणी ओरडेल असं वाटलं होतं. मग मागून मिसेस ऑग्डन उठली.

"अख्खा डबा?" तिने विचारलं.

"हो."

"माझ्या आल्फला एक कप. वाळू मिसळून. आणि परवा फेब्रुवारीत मी तुझ्या दारात उभी होते, तेव्हा ती तिथे होती?"

"होती."

"आपला तो बाब्या," ती म्हणाली, "आणि दुसऱ्याचं ते कार्टं." तिने कोट उचलला आणि गेली. तिच्यामागे आणखी बरेच उठले. एकेकाच्या घरची राख मी मापून घेतली होती. लीगमधून गेलो म्हणून त्यांनी मला कदाचित माफ केलं असतं. या गोष्टीसाठी कोणी केलं नाही, आणि करूही नये.

लिंडसे दाराशी उभी होती. तिला मी आधी सांगायला हवं होतं. दोनशे लोकांबरोबर तिला कळलं.

"मग मी फुलं कोणाला वाहिली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, बहुतेक आल्फला.

तिने माझ्या छातीवर जोरात मूठ मारली, लहानपणी मारायची तशी, आणि मग तिथेच डोकं टेकून इतकी रडली की हॉल रिकामा होईपर्यंत आम्ही हललो नाही. मी रडलो नाही. मी माझ्यावर इतका चिडलो होतो की डोळ्यांना वाव नव्हता.

गुरुवार, ११ मे

चेअरमनने बोलावलं होतं. महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या. मी म्हटलं ठीक, पण पास्कोचं बघा. तो म्हणाला, यादी छापून झाली, बदलत नाही. मी टेबलावर हात आपटला, त्याच्या कपातला चहा सांडला. यादी बदलली नाही.

मिसेस ऑग्डनच्या घरी जाऊन आल्फचा उरलेला डबा मागितला. तिने दार उघडलं, मला नीट पाहून घेतलं आणि बंद केलं.

दुपारी फावडं घेऊन गोलपाशी गेलो. लिंडसे आली. माझ्याशी बोलत नाही, पण आली. तिनेच पास्कोला फोन केला असणार, कारण तोही आला, घरच्या जुन्या बुटांत, स्वतःचं फावडं घेऊन.

हातभर खाली राख मातीत बसून करडी ढेप झाली होती. हाताने वेगळी होत नव्हती. आम्ही अख्खी ढेप काढली. लिंडसेने ती हातगाडीत ठेवली, फावड्याने नाही, दोन्ही हातांनी. कठड्याच्या मागे भिंतीलगत मातीचा पट्टा आहे, जिथे काहीच उगवत नाही, तिथे तिला ठेवली. तिथून सगळं सरळ समोर दिसतं. मी तेव्हा रडलो. पास्कोने तोंड दुसरीकडे केलं.

मग खड्ड्यात नवी माती भरली, थर देऊन, प्रत्येक थर ओला करून. वर हिरवळीचे पट्टे. व्हॉन म्हणाला होता ते खरं, एका दिवसाचं काम. एका दुपारचंच.

पट्टे टाकले की ते पायाने दाबून बसवावे लागतात. माझे गुडघे चालत नव्हते. मी पास्कोला म्हटलं, तू दाब.

तो काठावर उभा राहिला. एक पाय पुढे केला आणि मागे घेतला.

"तिथे आता काही नाही," मी म्हटलं. "नुसती माती आहे. ये."

त्याने एकदा कठड्यामागे पाहिलं. मग एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि हळूहळू पावलं टाकू लागला, कोणी झोपलंय अशा घरात चालावं तशी. मी म्हटलं, अशाने नाही बसत. जोरात. अंगाचं वजन टाक. सैल राहिलं तर पुन्हा खड्डा पडेल, आणि पुढच्या वर्षी इथे उभ्या राहणाऱ्या माणसाला शिव्या बसतील.

मग तो दोन्ही पायांनी उड्या मारायला लागला, आणि थांब म्हणेपर्यंत थांबला नाही.